घरची शाळा आणि नवें वर्ष

ऑगस्ट महिना सरत आला म्हणजे अमेरिकेंतील हजारों ख्रिस्ती कुटुंबांत एक निराळीच तयारी चालते. शेजारचीं मुलें पिवळ्या बसमध्यें बसून सरकारी शाळेस जातात. ह्या घरीं मात्र न्याहारीचीं भांडीं उचलून त्याच मेजावर पुस्तकें मांडलीं जातात. आई बायबलांतील एखादा उतारा वाचते, सर्व मिळून प्रार्थना करतात, पांच वर्षांचें मूल अक्षरें गिरवूं लागतें, आठ वर्षांचें वजाबाकीस बसतें, आणि सर्वांत धाकटें मेजाखालीं रांगत असतें. नव्या वर्षाचा आरंभ झाला. घंटा नाहीं, हजेरीपट नाहीं, आणि कित्येक संस्थानांत तपासनीसहि नाहीं.

हें ऐकून आमचे कांहीं वाचक विचारतील कीं, ज्या देशांत फुकट शाळा गांवोगांव आहेत तेथें हें खूळ कशास? प्रश्न रास्त आहे, व आम्हांस तर तो अधिकच बोंचतो. कारण सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें जें बिल नामदार गोखले यांनीं १९११ सालीं कौन्सिलांत आणलें आणि जें पुढच्याच वर्षीं फेटाळलें गेलें, त्याच मताचे आम्ही आहों. शाळेची सक्ति हे शब्द आमच्या कानास गोड लागतात. तथापि सक्ति कशाची, शिक्षणाची कीं शाळेच्या इमारतीची, हा भेद कायदा शिकलेल्या मनुष्यास नजरेआड करतां येत नाहीं.

अमेरिकन न्यायालयांनीं हा भेद पुष्कळ आधीं ओळखला. १९२२ सालीं ऑरेगॉन संस्थानांत लोकमतानें असा कायदा झाला कीं, आठ ते सोळा वर्षांच्या मुलांनीं सरकारी शाळेंतच गेलें पाहिजे. रोख मुख्यतः कॅथॉलिकांच्या शाळांवर होता. मठवासिनींच्या एका संस्थेनें दाद मागितली, व १९२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मूल ही सरकारची मालमत्ता नव्हे अशा अर्थाचा निवाडा देऊन तो कायदा मोडीत काढला. पुढें १९५० सालीं इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानें एका ॲडव्हेंटिस्ट कुटुंबाच्या खटल्यांत घर हीहि खासगी शाळा ठरूं शकते असें मानलें. १९६२ व १९६३ सालच्या निकालांनीं सरकारी शाळांतील सरकारपुरस्कृत प्रार्थना व बायबल-वाचन बंद झालें, तेव्हां पुष्कळ भाविक आईबापांचें मन त्या शाळांवरून उडालें. १९९३ पर्यंत पन्नासहि संस्थानांत घरची शाळा कायदेशीर झाली. सरकारी गणनेप्रमाणें १९९९ सालीं अशीं मुलें सुमारें साडेआठ लक्ष होतीं. २०१२ सालीं तीं पावणेअठरा लक्षांवर गेलीं. हीं सारीं ख्रिस्ती भाविकांचीं नव्हेत, पण धर्मशिक्षणाची इच्छा हें कारण त्यांत मोठें आहे.

प्रार्थनेनें आरंभ होतो यास आमचा आक्षेप नाहीं. आमच्याकडेहि विजयादशमीस पाटीवर सरस्वती काढूनच मूल अक्षरांस बसत आलें आहे. आमचा आक्षेप आहे तो घाईस. पहिल्याच सोमवारीं सकाळीं नऊपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत वेळापत्रक टांगावयाचें, सहा विषय मांडावयाचे, आणि गुरुवारीं आईनें व मुलानें दोघांनींहि रडावयाचें, हा प्रकार घरच्या शाळेंत नित्याचा आहे. ज्या शाळेस कंटाळून मूल घरीं ठेविलें तिचीच ही वाईट नक्कल झाली! शार्लट मेसन या इंग्रज बाईंनीं गेल्या-मागच्या शतकांतच सांगून ठेविलें कीं, सहा वर्षांपर्यंत रीतसर धडे नकोत, त्यानंतरहि लहान मुलांचा एक धडा वीस मिनिटांवर जाऊं नये, आणि दुपार मोकळ्या हवेंत जावी. रेमंड व डोरोथी मूर या दांपत्यानें १९७५ सालीं हीच गोष्ट अमेरिकनांस सांगितली. पहिल्या पंधरवड्यांत वाचन, थोडें गणित व एक गोष्ट, एवढें झालें तरी तें वर्ष बुडालें असें कोणीं मानूं नये.

घरांत विद्या असली म्हणजे घर काय करूं शकतें याचा दाखला आमच्याच प्रांतांत आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें. त्या लक्ष्मीबाईंनीं मुलीस शिकविलें. आणि शाळेचें तोंडहि न पाहिलेल्या त्या मुलीस कलकत्त्याच्या विद्वानांनीं १८७८ सालीं ‘पंडिता’ म्हणून गौरविलें. पंडिता रमाबाई पुढें १८८३ सालीं ख्रिस्ती झाल्या. पण लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, घरींच शिकलेल्या या बाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदा सदन काढलें. ज्यांच्या घरीं अक्षर नाहीं त्यांचें काय, हा प्रश्न त्यांस पडला. फुले दांपत्यास तो १८४८ सालींच पडला होता.

अमेरिकेंतहि तोच प्रश्न निराळ्या रूपानें उभा आहे. न्यूयॉर्कांत पालकानें आधीं कळवावें लागतें, पाठ्यक्रम व दर तिमाहीस अहवाल द्यावा लागतो. उलट टेक्सासांत ना नोंद, ना परीक्षा. २०२५ सालीं इलिनॉयच्या विधिमंडळांत नोंदणीचें बिल आलें, तेव्हां हजारों पालक स्प्रिंगफील्ड येथें विरोध करण्यास जमले. त्यांचें भय आम्हांस समजतें. जर्मनीनें घरच्या शाळेस मनाईच केली, व स्ट्रासबर्गच्या न्यायालयानें २००६ सालीं ती उचलून धरली. तसली मनाई आम्हांस जुलमाची वाटते. परंतु घरच्याच शाळेंत वाढलेल्या कांहीं तरुणांनीं २०१३ सालीं संस्था काढून देखरेखीची मागणी केली, यास काय म्हणावें? हे कांहीं धर्मद्वेष्टे सरकारी नोकर नव्हेत. त्याच मेजावर बसलेलीं हीं मुलें आहेत. मूल सरकारची मालमत्ता नव्हे हें खरें. तें आईबापांची मालमत्ता आहे असें त्या निकालांतून निघत नाहीं.

आणि त्या मेजाशीं बहुधा आईच असते. वकील, व्यापारी किंवा पाद्री असलेला बाप घरच्या शाळेवर सुरेख व्याख्यान देतो. सकाळची वजाबाकी, दुपारचा स्वयंपाक व धाकट्याचा ताप हें सर्व तिच्या अंगावर. नव्या वर्षाच्या तयारींत बापानें आपला एक विषय व आपला तास ठरवून घेतला नाहीं तर फेब्रुवारींत शाळा मोडते.

राहिला देखरेखीचा प्रश्न. पेनसिल्व्हेनियांत वर्षाअखेर एक पात्र शिक्षक मुलाची वर्षभराची वही पाहतो व खुद्द मुलाशीं दोन शब्द बोलतो. तो शिक्षक पालकच निवडतात. बायबल वाचूं नका असें त्यास म्हणतां येत नाहीं. मूल वाचूं लागलें कीं नाहीं, एवढें त्यास दिसतें. टेक्सास व इलिनॉय येथील ख्रिस्ती पालकांनीं एवढी व्यवस्था सरकारानें लादण्यापूर्वीं स्वतःच मागून घ्यावी, अशी आमची त्यांस सूचना आहे.