गाऱ्हाणे गावाचे व्हावे

ज्या शहापूर तालुक्यातील भातसा, तानसा आणि वैतरणा या नद्यांचे पाणी मुंबईच्या घराघरांत पोहोचते, त्याच तालुक्याच्या डोंगरपाड्यांवर वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा लागतात, ही गोष्ट महाराष्ट्राला आता पुरेशी परिचित झाली आहे. परंतु शहापूर आणि त्याच्या शेजारचा मुरबाड या दोन तालुक्यांनी आणखी एका बाबतीत जो अनुभव गाठीस बांधला आहे, तो फारसा कोणाच्या कानी गेलेला नाही. सरकारी दवाखान्याचा कारभार कसा चालला आहे याचा निवाडा, ज्यांच्यासाठी तो दवाखाना आहे त्यांनीच एकत्र बसून करावा, आणि त्या निवाड्याला आरोग्य खात्याच्या अंमलदारांनी चारचौघांत उभे राहून जबाब द्यावा, असा हा प्रयोग होता. त्याविषयी आज सविस्तर लिहावयाचे योजिले आहे.

एक तालुका कसारा घाटाच्या पायथ्यापर्यंत आणि दुसरा माळशेजच्या पायथ्यापर्यंत पसरलेला. वस्ती ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली आणि कुणबी लोकांची. आणि महसुली दप्तरात ज्याला एक गाव म्हणतात ते प्रत्यक्षात ओहोळांनी व टेकड्यांनी एकमेकांपासून तोडलेल्या पाचसात पाड्यांचे. आदिवासी व डोंगराळ मुलखात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा शासनाचा दंडक आहे, आणि कागदावर तो उदारच आहे; पण आषाढात ओहोळाला पाणी आले म्हणजे उपकेंद्र पलीकडच्या काठावर राहते, आणि संध्याकाळची एस. टी. निघून गेली म्हणजे तालुक्याचे गाव दुसऱ्या दिवसावर जाते, हे त्या दंडकात कोठेच नमूद नसते. भातकापणीच्या दिवसांत बांधावर फुरसे किंवा घोणस चावलेल्या माणसाला केंद्रात आणल्यावर ‘पुढे न्या’ असे सांगितले गेले, तर ते ‘पुढे’ म्हणजे आधी शहापूर आणि मग ठाण्याचे सिव्हिल हॉस्पिटल, किंवा आधी मुरबाड आणि मग कल्याण-उल्हासनगर. आणि या प्रत्येक टप्प्याला गाडीभाडे, उसनवारी आणि मोलाचा वेळ खर्ची पडतो.

इतके सोसणारी माणसे तक्रार का करीत नाहीत, असा प्रश्न शहरातील मनुष्य सहज विचारतो. याचे उत्तर त्यांच्या अडाणीपणात नसून व्यवहारज्ञानात आहे. ज्या नर्सबाईविरुद्ध आज अर्ज द्यावयाचा, तिच्याच हाती उद्या सुनेचे बाळंतपण सोपवायचे असते. ज्या डॉक्टरने बाहेरून औषध विकत आणण्याची चिठ्ठी लिहून दिली, त्याच्याच दारी परवा तापाने फणफणलेले पोर घेऊन जायचे असते. अशा स्थितीत वाईटपणा कोणी घ्यावा? दवाखान्याच्या भिंतीवर तक्रारपेटी टांगलेली असते हे खरे. परंतु तिच्यात काही टाकण्यासाठी लिहिता येणे अवश्य असते, आणि पेटीची किल्ली बहुधा ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याच्याच कचेरीत असते. एकट्याने केलेले गाऱ्हाणे हे दोन माणसांचे भांडण ठरते, आणि त्या भांडणात दुर्बळ पक्ष कोणता हे दोघांनाही आधीपासून ठाऊक असते. म्हणून तक्रारीचे धैर्य व्यक्तीकडून मागण्यापेक्षा ती तक्रार समूहाच्या नावे नोंदविण्याची सोय करणे, हाच या दुखण्यावरचा खरा इलाज होय.

ही सोय १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने करून दिली. अभियानाच्या आराखड्यातच लोकाधारित देखरेखीची तरतूद होती, आणि २००७ पासून नऊ राज्यांत तिचा प्राथमिक प्रयोग झाला. महाराष्ट्रात त्यासाठी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे निवडले गेले. राज्यस्तरावर पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने समन्वयाची जबाबदारी घेतली, आणि ठाणे जिल्ह्याचे काम मुरबाड परिसरात आदिवासींमध्ये वावरणाऱ्या ‘वन निकेतन’ने अंगावर घेतले. गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पाच पायऱ्यांवर समित्या नेमल्या गेल्या, आणि त्यांत गावकरी, लोकप्रतिनिधी, संस्थांचे कार्यकर्ते आणि आरोग्य खात्याचे कर्मचारी यांना एकाच सतरंजीवर बसविण्यात आले. कल्पना तशी अपूर्व नव्हती. स्वातंत्र्यापूर्वी, १९४६ साली, भोर समितीने प्रत्येक गावात पाचसात ग्रामस्थांची आरोग्य समिती असावी अशी शिफारस केली होती, आणि १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या नियोजनात भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही आहे असे जगाच्या वतीने मान्य केले होते. जे शिफारशीत आणि जाहीरनाम्यात राहून गेले होते, त्याला या पाच जिल्ह्यांत प्रथमच एक ठरीव कार्यपद्धती लाभली.

त्या कार्यपद्धतीचा प्राण म्हणजे गावाचे आरोग्य पत्रक. गावकऱ्यांनी एकत्र बसावयाचे आणि एकेका सेवेविषयी प्रश्नांची उत्तरे द्यावयाची: नर्सबाई गेल्या महिन्यात आल्या होत्या काय, गरोदर बाईचे वजन, रक्त आणि रक्तदाब तपासला गेला काय, बालकांना ठरल्या दिवशी लस मिळाली काय, जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये हाती पडले काय, गावाच्या आरोग्य समितीला वर्षाकाठी मिळणारे १०,००० रुपये कशावर खर्च झाले, सुई टोचण्यास किंवा बाटली लावण्यास कोणी पैसे मागितले काय. मग उत्तरांचा गोषवारा काढून प्रत्येक सेवेपुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरावयाचा. अक्षरशत्रू माणसालाही तो तक्ता दुरून वाचता येतो, आणि त्यात अमुक एका बाईने अमुक सांगितले अशी नोंद नसते. जो रंग भरला जातो तो गावाचा असतो.

शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर, शाळेच्या ओसरीत भरलेली अशी एक बैठक मी जवळून पाहिली. प्रारंभी, अशा बैठकीत नेहमी होते तसे, गावातील चार जाणत्या पुरुषांनीच उत्तरे दिली, आणि नर्सबाई येतात काय या प्रश्नाला ‘येतात की’ असे म्हणून ते मोकळे झाले. रंग हिरवा भरला जाणार, तोच मागे खांबाला टेकून बसलेली एक कातकरी म्हातारी म्हणाली, ‘येतात, पन शाळंपोतर. आमच्या वाडीला नाय येत.’ क्षणभर कोणी काही बोलले नाही, आणि मग बायकांच्या घोळक्यातून एकामागून एक नावे निघू लागली: हिच्या पोराला लस नाही, तिला गोळ्या मिळाल्या नाहीत, अमकीचे बाळंतपण वाडीतच झाले. शेवटी त्या सेवेपुढे लाल रंग भरला गेला, आणि तो भरताना आधी ‘येतात की’ म्हणणाऱ्यांनीही हरकत घेतली नाही. सरासरी काढली की दुबळ्यांचे दुःख सबळांच्या समाधानात बुडून जाते. म्हणून लोकांचे मत घेणे एवढेच पुरेसे नसून, ते कोणत्या लोकांचे आणि कोठे बसून घेतले, हे त्याहून महत्त्वाचे आहे, हा धडा मला त्या ओसरीत मिळाला.

पत्रके भरून झाली म्हणजे जनसुनवाई. जनसुनवाईची ही रीत राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिल्याने प्रचारात आणली. तेथे रोजगाराच्या कामांचे हजेरीपट वाचून दाखविले गेले, येथे आरोग्याची पत्रके वाचली जातात. समोर तालुका आरोग्य अधिकारी, वैद्यकीय अधिकारी आणि पंचायत समितीचे सभासद बसलेले असतात, आणि गावागावाची माणसे उठून आपला तक्ता दाखवितात. अनुभव असा की, कित्येक प्रश्न त्याच जागी सुटतात, कारण ते सुटण्यास पैसा किंवा मंजुरी लागणार नसून कोणीतरी विचारणे एवढेच बाकी असते. राज्यात जेथे जेथे हे काम नेटाने झाले, तेथे बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, अडलेले पैसे वाटले गेले, आणि न फिरकणारे कर्मचारी पाड्यांवर दिसू लागले. पाच जिल्ह्यांतील गावांच्या पत्रकांत ‘चांगले’ असा शेरा पहिल्या फेरीत ४८ टक्के होता, दुसऱ्या फेरीत ६१ आणि तिसऱ्या फेरीत ६६ टक्के झाला. पुढे हे काम राज्यातील आणखी जिल्ह्यांत गेले.

तथापि सभा भरविली म्हणजे सुधारणा आपोआप होते, असा समज कोणी करून घेऊ नये. आफ्रिकेतील युगांडा देशात पन्नास ग्रामीण आरोग्य केंद्रांच्या परिसरात असाच प्रयोग झाला, आणि जेथे गावकरी व कर्मचारी यांनी एकत्र बसून सुधारणेचा करार केला तेथे पाच वर्षांखालील बालकांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सांगितले. परंतु त्याच देशात पुढे पुष्कळ मोठ्या प्रमाणावर तशीच पद्धत अवलंबिली असता उपचाराचा दर्जा थोडा सुधारला, पण बालमृत्यूंत तशी घट आढळली नाही. ऐकून घेण्याला मर्यादा असते. ज्या केंद्रात डॉक्टरचे पदच रिक्त आहे, तेथील कर्मचाऱ्याला कितीही लज्जित केले तरी डॉक्टर प्रकट होत नाही.

म्हणूनच जनसुनवाईत कर्मचाऱ्यांचीही कैफियत ऐकली जाणे अगत्याचे आहे. गळक्या निवासस्थानात पावसाळा काढणारी नर्स, दोन उपकेंद्रांचा भार एकटीने वाहणारी आरोग्यसेविका, कामाच्या मोबदल्यासाठी महिनोगणती तिष्ठणारी आशाताई, यांचे गाऱ्हाणे गावकऱ्यांच्या गाऱ्हाण्याहून निराळे नाही; दोन्ही एकाच वरिष्ठ दप्तरात अडकलेली असतात. लाल रंग पाहून प्रथम रागावलेला वैद्यकीय अधिकारी जेव्हा त्याच तक्त्याचा आधार घेऊन जिल्ह्याकडे औषधांची व मनुष्यबळाची मागणी करतो, तेव्हा गाव आणि दवाखाना एका बाजूला येतात, आणि तेथून खऱ्या सुधारणेला आरंभ होतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना तुम्ही रुग्णालयात का येत नाही असे विचारले, तेव्हा मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातलगांना जवळ राहता येत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. आणि शोधग्राम या आपल्या केंद्रातील दंतेश्वरी देवीच्या नावाचे रुग्णालय त्यांनी झोपड्यांच्या गावासारखे बांधले. लोकांना विचारणे म्हणजे केवळ दोष मोजणे नव्हे. व्यवस्थेने आपला आकार कसा घ्यावा हे त्यांच्याकडून शिकणे होय, याचे याहून उत्तम उदाहरण महाराष्ट्रात मला ठाऊक नाही.

आता शहापूर-मुरबाडपुरते बोलायचे तर, या अनुभवाला वार्षिक अनुदानाच्या आणि संस्थांच्या उत्साहाच्या आधारावर टांगते ठेवणे योग्य नाही. तो ग्रामसभेच्या नित्य कारभारात रुजला पाहिजे. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागेल. कातकरी कुटुंबे भातकापणी आणि दिवाळी उरकली की भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि पावसाच्या तोंडाशी परततात. सरकारी वर्ष मार्चअखेर संपत असल्यामुळे पाहण्या आणि पत्रके बहुधा माघ-फाल्गुनात भरली जातात, आणि ज्यांचे म्हणणे सर्वांत अधिक ऐकावयास हवे त्यांच्या दारांना त्या वेळी कुलूप असते. २६ जानेवारी आणि १ मेच्या ग्रामसभांनाही ती माणसे गावात नसतात. परंतु १५ ऑगस्टला आवणी बहुतेक आटोपलेली असते, आणि २ ऑक्टोबरला कापणी तोंडावर आलेली असली तरी वाडी भरलेली असते. तेव्हा पत्रक ऑगस्टच्या ग्रामसभेत भरावे, पाड्यापाड्याचे निराळे भरावे, आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्याचा जबाब मागावा. शहापूर तालुका पूर्णतः आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे पेसा कायद्याखालील, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालील, २०१४ च्या नियमांनी पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळविण्याची वाटही मोकळी केली आहे.

आणि जबाब कसा असावा हेही आधीच ठरलेले बरे. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हा जबाब नव्हे. काय करणार, कोणता अधिकारी करणार, कोणत्या तारखेपर्यंत करणार, आणि होणार नसेल तर कोणत्या कारणाने, या चार गोष्टी लेखी आल्या पाहिजेत, आणि ज्या ओसरीत गाऱ्हाणे सांगितले गेले त्याच ओसरीत त्या मोठ्याने वाचून दाखविल्या पाहिजेत. कारण ज्याने एकदा धीर करून सांगितले आणि ज्याला उत्तर मिळाले नाही, तो मनुष्य दुसऱ्यांदा बैठकीला येत नाही, आणि त्याच्यामागे त्याची सारी वाडी येत नाही. शहापूर आणि मुरबाडच्या वाचकांना माझी विनंती आहे की, येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वी त्यांनी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा, आरोग्य पत्रकाचा विषय विषयपत्रिकेवर घ्यावयास लावावा, आणि त्या अर्जाखाली एकट्याची सही न करता पाड्यातील प्रत्येक घराची सही अगर अंगठा घ्यावा.