फितीने मोजता येईल असे बोला

किल्लारीच्या भूकंपग्रस्तांना सरकारने दिलेला शब्द चौरस फुटांत होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गाव झोपलेले असताना, तीन वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंती माळवदांसह झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. सरकारी मोजणीतच जवळपास आठ हजार माणसे गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली, तेव्हा घराचे माप जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. त्या मापावर टीका झाली. भूमिहीनाच्या घरात माणसे कमी असतात का, हा प्रश्न रास्तच होता. पण तो विचारता आला, कारण शब्द फीत लावून मोजता येत होता. कमी भरले तर बोट ठेवायला भिंत होती. निवडणुकीत युद्ध आणि धर्मावर बोलणाऱ्या उमेदवारांचा उबग मतदाराला का येतो, याचे उत्तर या फितीत आहे. ते बोलतात ते सगळेच खोटे असते असे नाही. अडचण अशी की त्याला फीत लावता येत नाही.

किल्लारी ज्या तालुक्यात येते, त्या औशातच ९ एप्रिल २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची सभा झाली. मतदान नऊ दिवसांवर होते. पहिल्यांदा मत देणाऱ्या तरुणांना त्यांनी विचारले, की तुमचे पहिले मत बालाकोटवर हवाई हल्ला करणाऱ्या जवानांना, पुलवामाच्या हुतात्म्यांना समर्पित होऊ शकते का? पुलवामात १४ फेब्रुवारीला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले होते, त्यांतले दोघे बुलडाणा जिल्ह्याचे. दुःख खरे होते, संतापही खरा होता. पण त्या तरुणाच्या जिल्ह्याला तीनच वर्षांपूर्वी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाण्याच्या टाक्यांभोवती मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून लातुरात जमावबंदी लावावी लागली होती. त्याने पहिले मत हुतात्म्यांना वाहिले, तर पाच वर्षांनी तो कोणाकडे आणि कसला हिशेब मागणार? हुतात्मा हिशेब देत नसतो आणि त्याच्या नावावर मत घेणारा हुतात्म्याच्या आड उभा राहतो. मतदान हा व्यवहार आहे आणि व्यवहाराला पावती लागते. समर्पणाची पावती मिळत नाही.

यावर हमखास येणारे पहिले उत्तर म्हणजे, यासाठी निवडणूक आयोग आहे, कायदा आहे. औशाच्या भाषणाचे पुढे काय झाले ते पाहावे. सैन्यदलांच्या कामगिरीचा प्रचारात वापर करू नका, अशी सूचना आयोगाने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पक्षांना केली होती. हे वक्तव्य त्या सूचनेशी विसंगत असल्याचा अहवाल जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी दिला. तरीही आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मताने आचारसंहितेचा भंग झाला नसल्याचा निर्वाळा दिला. वेगळे मत निवडणूक आयुक्त अशोक लवासा यांचे होते. न्यायालयाची वाट अधिक लांबची. विलेपार्ले येथे डिसेंबर १९८७ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागितली म्हणून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ११ डिसेंबर १९९५ ला. त्या विधानसभेची मुदत तोवर कधीच संपली होती. बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्याचा आदेश निघायला १९९९ उजाडले. आणि त्याच ११ डिसेंबरला मनोहर जोशी यांच्या प्रकरणात, पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, हे विधान न्यायालयाने केवळ आशा ठरवले. कायदा हवाच. पण तो वरातीमागून येतो, आणि आला तरी आवाहन कुठे संपते नि आशा कुठे सुरू होते, हे ठरवताना त्यालाही अडखळावे लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोकसभेची निवडणूक ही नळपाणी योजनेची निवडणूक नव्हे, देशाच्या सुरक्षेवर खासदाराने बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? हे मान्यच आहे. किंबहुना बोलावेच. पहलगाम आणि त्यानंतरच्या ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर तर हा विषय प्रचारातून टळणारही नाही. मात्र सुरक्षेवर बोलणे वेगळे आणि शौर्यावर मत मागणे वेगळे. पुलवामात एवढा मोठा ताफा रस्त्याने का गेला, हा सुरक्षेचा प्रश्न. जून २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते आणि चार वर्षांनी चौघांतला जेमतेम एकच सैन्यात कायम राहतो, हाही सुरक्षेचाच प्रश्न. भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरे मराठवाड्यात गावोगावी आहेत. त्यांच्यापुढे उभे राहून उमेदवाराने ही योजना चालू ठेवू, बदलू किंवा मोडू असे सांगावे. तिन्हींपैकी काहीही सांगितले तरी पाच वर्षांनी ते पडताळता येते. किल्लारीने जवान पाहिला तो ढिगारे उपसताना, प्रेते बाहेर काढताना. त्याच्याविषयीचा आदर इथे कोणा वक्त्याने येऊन जागवण्याची गरज नाही. हा दोष एकाच पक्षाचा नाही. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांना लागलेली गोळी कसाबची नव्हे, संघनिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची होती, असे मे २०२४ मध्ये ऐन प्रचारात काँग्रेसचे विजय वडेट्टीवार बोलले. त्या हल्ल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाली निघाल्याला तेव्हा एक तप होत आले होते. शहिदाला आपल्या सभेत ओढून आणण्याची खोड दोन्हीकडे सारखीच आहे.

धर्माच्या बाबतीत असाच एक रास्त आक्षेप आहे. धर्मामुळे एखाद्यावर अन्याय होत असेल तर तो बोलायचाच नाही का? सांताक्रूझच्या १९९० मधील निवडणुकीतून उभ्या राहिलेल्या अभिराम सिंह प्रकरणात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींत याच मुद्द्यावर फूट पडली. चौघांनी उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्याही धर्माच्या आधारे मत मागणे भ्रष्ट आचरण ठरवले. तिघांचे म्हणणे, की जात-धर्मामुळे सोसाव्या लागणाऱ्या अन्यायाची चर्चा हा लोकशाहीचा भागच आहे. आम्हाला या दोन मतांत वाटते तेवढे अंतर दिसत नाही. अमुक मोहल्ल्यात नळ पोहोचला नाही, अमुक देवस्थानची जमीन कोणी लाटली, हे बोलणे धर्माविषयीच असते, पण त्याचा सातबारा काढता येतो. ‘बटेंगे तो कटेंगे’ या प्रचारातल्या घोषणेचा सातबारा कुठे काढायचा? मराठवाड्याने तर असल्या बोलण्याची किंमत मोजलेली आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरात वकिली करणारा माणूस. त्याच्या चिथावणीने गावे जळाली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करल्यावर सूडाची लाट उलटी फिरली, आणि सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून नोंदवलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. रझवी तुरुंगातून सुटून १९५७ मध्ये पाकिस्तानात निघून गेला. बोलणारा गेला, भोगणारे इथेच राहिले.

शेवटचा आक्षेप मतदारावरच आहे. लोकांनाच हे आवडते, टाळ्या तेच वाजवतात, मग उमेदवारांना कशाला दोष द्यायचा? टाळी आणि मत यांतले अंतर २०२४ ने दाखवून दिले. एप्रिल-मेमधल्या लोकसभा निवडणुकीत मराठवाड्याच्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीकडे गेल्या आणि नोव्हेंबरच्या विधानसभेत याच मतदारांनी महायुतीला भरभरून दिले. सहा महिन्यांत कोणाचा धर्म बदलला नव्हता, सीमेवर युद्धही झाले नव्हते. मधल्या काळात बहिणींच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा होऊ लागले होते. हा व्यवहार कोणाला आवडो न आवडो, मतदार मोजतो एवढे त्यातून नक्की दिसते. त्याच प्रचारात महायुतीने सोयाबीनला क्विंटलमागे सहा हजार आणि आघाडीने सात हजारांचा शब्द दिला होता. लातूरच्या आडतीत तेव्हा सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावालाही महाग झाले होते. पण गाजल्या त्या एकीकडच्या ‘बटेंगे’च्या घोषणा आणि दुसरीकडचे मौलाना सज्जाद नोमानी यांचे आवाहन. सोयाबीनचा आकडा भाषणाच्या शेपटाला राहिला. खरे तर अख्ख्या निवडणुकीत फीत लावता येईल असे जे थोडे बोलले गेले, त्यात हा आकडा होता.

म्हणून आमची उमेदवारांकडे मागणी साधी आहे. युद्धावर बोला, धर्मावरही बोला, पण ज्याचा जाब आम्हाला विचारता येईल असे बोला. मतदारानेही सभेतून उठताना एवढेच पाहावे, की आज ऐकलेल्यातले काय काय पाच वर्षांनी घरी नेऊन मोजता येईल. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव जाहीर झाला ५,३२८ रुपये. सहा हजारांच्या शब्दाला ६७२ रुपये कमी. पुढच्या वेळी कोणी औशाच्या मैदानात येऊन छाती पुढे काढू लागला, तर त्याला टाळी वाजवण्याआधी हे ६७२ रुपये विचारावेत.