भाऊ येतोय, असं मी सांगितलं

एकटीने फिरायला निघालेल्या मुलीला सगळे एकच सल्ला देतात. एकटी आहेस हे कुणाला कळू देऊ नकोस आणि एका जागी रेंगाळू नकोस, चालत राहा. आईने दिला, मैत्रिणींनी दिला, आपल्या मंडळातल्या सीनियर्सनीही दिला. दिवाळीच्या सुट्टीत बोरिवलीहून अवंतिका एक्सप्रेसने इंदूरला गेले तेव्हा मी तो पाळला. निदान पहिला दिवस.

माझं मत असं की या सल्ल्याचा दुसरा भाग चुकीचा आहे. नव्या शहरात पहिले दोन-तीन दिवस एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन बसावं.

पहिल्या दिवशी मी रीलमधली यादी उरकली. पोहे-जलेबी, राजवाडा, छप्पन दुकान, रात्री सराफा. राजवाड्याच्या सात मजली दरवाजाचा फोटो काढला. १९८४ च्या आगीत आतला बराच वाडा जळाला होता हे रात्री खोलीवर फोनवर वाचलं. सराफ्यात भुट्ट्याचा कीस उभ्याने खाल्ला. (भारी असतो, यात वाद नाही.) पण दिवसभरात ऑर्डर देण्यापलीकडे मी एकाच माणसाशी बोलले, आणि त्याच्याशीही खोटं.

राजवाड्यापासून कृष्णपुरा चालत काही मिनिटांवर आहे. तिथे खान नदीच्या काठी होळकरांच्या छत्र्या आहेत. तिथल्या चौकीदार काकांनी विचारलं, "किसके साथ आई हो?" मी म्हटलं, "भाई आ रहा है."

दुसऱ्या दिवशी पाय दुखत होते, म्हणून पुन्हा तिथेच जाऊन पायरीवर बसले. बसल्यावर दिसायला लागलं. एक छत्री कृष्णाबाईंची, बाकीच्या तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या. महिदपूरच्या पराभवानंतर १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. मुलगा मल्हारराव लहान, म्हणून कारभार कृष्णाबाई आणि दिवाण तात्या जोग यांनी पाहिला. म्हणजे ही बाईसुद्धा नव्या शहरात येऊन बस्तान बसवणारी. हे मला पहिल्या दिवशीच्या अकरा फोटोंमध्ये कुठेच दिसलं नव्हतं.

काकांनी विचारलं, "भाई नहीं आया?" मी म्हटलं, "शाम को."

शेजारी बसलेल्या एक काकू आमचं ऐकत होत्या. माझ्या हिंदीवरून त्यांनी ओळखलं असावं. मराठीत म्हणाल्या, "काय बघून राहिलीस इतकं?" मी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे आधी मनातल्या मनात त्यांचं वाक्य दुरुस्त केलं. मग स्वतःचीच लाज वाटली. आम्ही वसईचे, घरी सामवेदी बोलतो. शाळेत ती ऐकून वर्ग हसायचा, "हे काय मराठी आहे?" म्हणून मी ती शाळेच्या फाटकाबाहेर ठेवायला शिकले. आता तोच वर्ग मी इंदूरला डोक्यात घेऊन फिरत होते! काकूंच्या घरात चार-पाच पिढ्या इंदुरातच. मी त्यांच्याशी सामवेदीत दोन वाक्यं बोलले. त्या हसल्या, पण कळतंय म्हणाल्या. मैत्रिणी बरोबर असत्या तर मी त्यांच्याशीच बोलत बसले असते आणि काकूंनी मला विचारलंच नसतं.

लगेच कुणी म्हणेल, मुलीने अनोळखी जागी बसून राहायचं, हे लिहायला सोपं आहे. मान्य. रोखून बघणारेही होते. मी दिवसाउजेडीच बसत होते, लोकेशन आईला चालू होतं, आणि पहिल्या दिवशीचं खोटं मी पुन्हा बोलेन. पण नुसतं चालत राहिल्याने आपण सुरक्षित होतो, हे मला पटलेलं नाही. चालत्या मुलीला कुणीच ओळखत नसतं. तिसऱ्या दिवशी दोन मुलगे बराच वेळ मागे उभे होते. काका लांबून ओरडले, "क्या काम है?" ते निघून गेले. मी तिथे रोज येते हे काकांना माहीत होतं, म्हणून ते ओरडले.

त्यानंतर ते माझ्याजवळ आले आणि हसू दाबत म्हणाले, "भाई का क्या हुआ?"

मी खरं सांगितलं. त्यांना ते बहुतेक पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला चहा पाजला आणि वर बजावलं, अगली बार सचमुच भाई को लाना. काकू म्हणाल्या, "कशाला? आईला आण."

आईला अजून विचारलेलं नाही.