चिठ्ठीला व्हिसा कोण देणार?



"येताना औषधे जास्तीची आणायची ना!" हे वाक्य आपल्या मंडळींत मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते कानावर पडले की डोके फिरते. परतीचे विमान लांबले, आईवडिलांच्या गोळ्या संपत आल्या, की आपला सुशिक्षित समाज पहिला निवाडा हाच देतो. जणू लोणच्याची बरणी बांधून घ्यायची राहून गेली! या वाक्यात दडलेला आळशीपणा उघडा पाडावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी घरची हकिगत. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस माझ्या सासूबाई सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या. परतीचे तिकीट ३० मार्चचे होते. त्यांच्या हृदयात यांत्रिक झडप आहे (तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली, अस्सल भारतीय बनावटीची; तिचा त्यांना भारी अभिमान!). त्यामुळे रक्त गोठू न देणारी गोळी जन्मभर, रोज. तीन महिन्यांच्या मुक्कामाला त्यांनी साडेतीन महिन्यांच्या गोळ्या मोजून आणल्या होत्या. म्हणजे ते सुप्रसिद्ध "जास्तीचे" त्यांनी आणलेच होते. मग २२ मार्च २०२० पासून भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने उतरू देणे बंद केले. आठवडाभरासाठी म्हणून सुरू झालेली ही बंदी लांबत गेली आणि नियमित उड्डाणे पूर्ववत सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. सासूबाई "वंदे भारत"च्या एका विमानाने जुलैत परतल्या. मधले तीन महिने गोळ्यांचे काय?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी सांगलीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानात गेले. फार्मासिस्ट सज्जन होता. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरकडे अमेरिकेतला परवाना नाही, म्हणून ती चालणार नाही. आणि चालली असती तरी उपयोग नव्हता, कारण हे औषध, असेनोकुमारॉल, अमेरिकेत विकलेच जात नाही. स्पेन आणि नेदरलँड्समध्ये ते सर्रास वापरतात, भारतात "ॲसिट्रॉम" म्हणून घरोघरी माहीत आहे, इथे मात्र त्याच कुळातले वॉरफरिन वापरतात. बरे, ही अदलाबदल घरच्या घरी करण्यासारखी नाही. असेनोकुमारॉल शरीरातून निम्मे व्हायला साधारण दहा तास लागतात, वॉरफरिनला जवळजवळ चाळीस. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असा हिशेब लागू पडत नाही. रक्त तपासत तपासत मात्रा बसवावी लागते. कमी पडली तर झडपेवर गुठळी, ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. जास्त झाली तर रक्तस्राव. मी डॉक्टर आहे, पण प्रथिनांची. हे सारे मला नीट समजत होते आणि करता काहीच येत नव्हते.

अर्जंट केअरवाल्यांनी झडपेचे नाव ऐकून हात वर केले. हृदयरोगतज्ज्ञांची एक कचेरी म्हणाली, करोनामुळे नवे रुग्ण घेत नाही. दुसऱ्या कचेरीने विमा विचारला. विमा होता, पाहुण्यांसाठी मिळतो तो. त्यात आधीपासूनच्या आजाराचे नेहमीचे औषधपाणी वगळलेले. पण त्याच आजाराने "अचानक उचल खाल्ली" तर ठरावीक रकमेपर्यंत भरपाई! बऱ्याच पॉलिसींत हे कलम असते, जरूर वाचून पाहा. पक्षाघाताचे पैसे मिळतील, पक्षाघात टाळणाऱ्या गोळीचे मिळणार नाहीत. सासूबाई सोफ्यावर बसून माझे फोन ऐकत होत्या. म्हणाल्या, "अगं, आमचा मेडिकलवाला नुसती रिकामी स्ट्रिप बघून देतो. इथे एवढी शिकलेली माणसं, आणि एवढंसं होत नाही?"

शेवटी झाले ते ओळखीने. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याची पत्नी हृदयरोगतज्ज्ञ निघाली. तिने फोनवर सगळे ऐकून घेतले, तपासणी जमवून दिली, वॉरफरिन लिहिले. महिन्याच्या गोळ्यांना काही डॉलर पडले, बस्स.

ही गोष्ट मी आपल्या वर्तुळात सांगते तेव्हा लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि लगेच आपापल्या यशोगाथा सुरू होतात. कोणाच्या मेहुण्याने दुबईमार्गे पाठवले, कोणी ग्रुपवर "कोणी येतंय का पुण्याहून?" असे टाकले आणि तासाभरात माणूस मिळाला. या आपलेपणाचे मला कौतुक आहे. मीही अनेकांच्या गोळ्या वाहिल्या आहेत. पण ओळख हे धोरण नव्हे. ओळखीने मिळते ती मेहेरबानी, आणि ती कोणाला मिळेल हे पगार, पेशा आणि (स्पष्टच बोलू) जात ठरवते. भारतात "साहेबांची चिठ्ठी" आणणाऱ्याला आपण नाके मुरडायचो. इथे आपणच साहेब झालो आणि चिठ्ठीची चीड गेली. ज्याच्या प्रयोगशाळेत कोणाची पत्नी हृदयरोगतज्ज्ञ नाही त्याने काय करायचे? पेट्रोल पंपावर दोन पाळ्या करणाऱ्या आपल्याच माणसाची आई त्या एप्रिलमध्ये इथे अडकली असती तर?

आता नियमांकडे पाहू. अमेरिकेत पाहुण्याला सर्वसाधारणपणे सहा महिने राहू देतात. सोबत औषधे आणायची ती मात्र सर्वसाधारणपणे नव्वद दिवसांची. म्हणजे "जास्तीची आणा" म्हणणाऱ्यांना सरकारच सांगते आहे की जास्तीची आणू नका! उरलेल्या काळासाठी व्हिसाची प्रत, डॉक्टरांचे पत्र वगैरे जोडून टपालाने मागवावीत अशी सोय आहे. पण टपाल? २०२० च्या टाळेबंदीत ते ठप्प होते. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने छोट्या पार्सलांची करमाफी काढली तेव्हा भारतीय टपाल खात्याने पार्सले घेणे थांबवले, ते ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू झाले. रक्त पातळ ठेवायची गोळी सात आठवडे वाट पाहत नाही.

"पण परक्या चिठ्ठीवर औषध दिले तर गैरवापर होईल." हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. भारतात अँटिबायोटिके चिठ्ठीशिवाय चण्याफुटाण्यासारखी मिळतात. तो सैलपणा इथे यावा असे कुठलाही शास्त्रज्ञ म्हणणार नाही. पण सैलपणा आणि दार बंद यांच्यामध्ये बरीच जागा आहे, आणि इतरांनी ती वापरली आहे. युरोपीय संघात २०११ च्या निर्देशानुसार एका सभासद देशातली चिठ्ठी दुसऱ्यात चालते. टेक्सासमध्ये कॅनडा आणि मेक्सिकोच्या डॉक्टरांची लेखी चिठ्ठी चालते, अमली औषधे वगळून. ब्रिटनमध्ये तर खरी निकड असेल तर फार्मासिस्ट स्वतः विचारपूस करून, चिठ्ठीशिवायही, साधारण महिनाभराचे औषध देऊ शकतो. मात्र ते औषध आधी ब्रिटन, युरोपीय आर्थिक क्षेत्र किंवा स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरने लिहिलेले असावे लागते. रेणू तोच, रोग तोच, फक्त डॉक्टर सांगलीचा की स्टुटगार्टचा हे पाहायचे. ही सुरक्षितता नव्हे, हा पासपोर्टचा रंग आहे.

खुद्द अमेरिकेत ओहायोतल्या केविन हाउडशेलचे उदाहरण आहे. २०१४ च्या नववर्षाच्या सुट्टीत त्याच्या इन्सुलिनच्या चिठ्ठीची मुदत संपलेली, डॉक्टर भेटेना, आणि तो जानेवारीत गेला. त्याच्या घरच्यांनी पाठपुरावा केला आणि २०१५ च्या अखेरीस तिथे फार्मासिस्टला तातडीचा पुरवठा करू देणारा कायदा झाला. इतर अनेक राज्यांनीही तसे कायदे केले. पण दुकानाच्या दप्तरी तुमची जुनी नोंद असेल तरच ते उपयोगाचे. पाहुण्याची नोंद कुठून असणार? (जाता जाता: जुन्या पद्धतीचे मानवी इन्सुलिन इथे बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय मिळते. मात्राही सारखी नसते, म्हणून डॉक्टरांना फोन केल्याशिवाय बदलू नका. पण माहीत असू द्या.)

आणि हा प्रश्न फक्त म्हाताऱ्यांचा आहे असेही समजू नये. डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी चा शिक्का घ्यायला भारतात गेलेल्या कितीतरी जणांच्या मुलाखती एकाएकी २०२६ मध्ये ढकलल्या गेल्या. तीन आठवड्यांच्या रजेवर गेलेले महिनोन्‌महिने अडकले. त्यांतल्या कोणाला एकाग्रतेच्या विकारासाठी ॲम्फेटॅमीन चालू असेल, तर अमेरिकन कायद्याने त्या चिठ्ठीवर पुन्हा औषध मिळत नाही आणि भारतात ते औषधच मिळत नाही. इथे ओळखही चालत नाही.

भारताकडेही बोट दाखवायलाच हवे. चिठ्ठीवर औषधाचे जेनेरिक नाव ठळक अक्षरांत लिहावे हे डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ पासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते आणखी कडक केले आणि डॉक्टरांच्या संघटनांनी ओरड करताच त्याच महिन्यात नवा नियम स्थगित केला. म्हणून आजही चिठ्ठीवर येते ते कंपनीचे नाव, तेही कोंबडीच्या पायांनी लिहिलेले. सांगलीबाहेर ते कोण वाचणार?

माझी मागणी माफक आहे. दीर्घकाळच्या आजाराचे, अमली नसलेले औषध, परदेशी डॉक्टरच्या वाचता येणाऱ्या चिठ्ठीवर, एकदाच, तीस दिवसांचे. तेवढ्यात माणूस रीतसर डॉक्टर गाठू शकतो. सासूबाईंचे औषध इथे नव्हतेच, तेव्हा त्यांचे काम केवळ एवढ्याने झाले नसते. पण ज्यांचे औषध शेल्फवर समोर दिसते आहे अशा बहुतेकांचे होईल. औषधविक्रीचे नियम इथे राज्याराज्यांच्या हातात असतात, म्हणजे दिल्लीला किंवा वॉशिंग्टनला जायचीही गरज नाही. दिवाळीच्या नाटकासाठी हॉलचे भाडे जमवणाऱ्या मंडळांना हे अवघड नाही.

राज्याच्या फार्मसी बोर्डाला द्यायच्या पत्राचा मसुदा मी तयार केला आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवावे, आणि सोबत आपल्या घरातल्या रोजच्या गोळ्यांची नावे लिहून पाठवावीत. कंपनीची नव्हेत, औषधांची. गेल्या रविवारी आमच्याकडे जेवायला नऊ जण होते, सगळे किमान द्विपदवीधर. ती नावे दोघांनाच सांगता आली.