स्वागत दारातच संपू नये

कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला. ख्रिस्तावर जीव असला म्हणजे पुरे. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, माणूस दरबारातलाच. बुलडाणा जिल्ह्याला हे परके वाटू नये. आपल्या सैलानीच्या यात्रेला हिंदू-मुसलमान सगळेच लोटतात. पण यात्रा संपते, माणसे गावी परततात आणि पुन्हा वस्त्या वेगळ्या, पंगती वेगळ्या! नाताळात चर्चची मंडळीही सर्वांना ‘या, बसा’ म्हणतात. चांगलेच आहे. खरी परीक्षा त्यानंतरची. आलेल्या माणसाला शेजारच्या बाकावर जागा देता का? उद्या त्याच्या घरचा चहा घेता का? हा सवाल एकट्या चर्चला नाही. गावातल्या प्रत्येक देवळाला, मशिदीला, विहारालाही आहे.