वेदीजवळची फुले अंगणातून यावीत



चिंता करू नका हे शिकवताना प्रभू येशूने शिष्यांना रानातल्या फुलांकडे बघायला सांगितले. शलमोन राजाचे सारे वैभव त्या फुलांपुढे फिके पडले. आपल्या देवळांत मात्र हल्ली शलमोनाचेच वैभव जास्त दिसते. सण आला की डेकोरेटरला फोन जातो. पॉलिहाऊसमधले जरबेरा आणि कार्नेशन हिरव्या फोममध्ये खोचून येतात आणि सोमवारी फोमसकट कचऱ्यात जातात.

माझे मत स्पष्ट सांगतो. मोठ्या सणांचे काय ते पॅरिश कौन्सिल ठरवो, पण दर रविवारची फुले आपल्या घरच्या अंगणातून, गच्चीतून, कुंड्यांतून यावीत.

पैसे वाचतील हे खरे, पण माझे कारण वेगळे आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांना वाचन करता येत नाही, गायनवृंदात बसता येत नाही, दानपेटीत फार काही टाकता येत नाही. गुडघे दुखतात म्हणून कित्येक आज्यांना देवळाच्या पायऱ्याही चढवत नाहीत. पण त्यांच्या दारात झिनिया असतो, तुळशीएवढ्याच मायेने वाढवलेली शेवंती असते. मंदिरातल्या त्या विधवेची दोन नाणी येशूने सर्वांत मोठी मानली. फुलांचे काम कंत्राटाने दिले, की आपण अशा माणसांना न बोलता सांगतो, ‘तुमची गरज नाही.’ घरी पडून असलेल्या आजीची चार फुले वेदीजवळ असतील, तर त्या रविवारी तीही मिस्साला आलेली असते.

काही जण म्हणतील, घरची फुले दोन-तीन दिवसांतच माना टाकतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण उगीच पडलेली नाही. पण रविवारच्या मिस्साला तीन दिवस पुष्कळ झाले. शिवाय निम्मे आयुष्य तोडण्याच्या पद्धतीवर असते. फुले पहाटे किंवा ऊन उतरल्यावर धारदार कात्रीने कापा आणि लगेच पाण्याच्या बादलीत ठेवा. पाण्यात बुडणारी पाने काढून टाका, नाहीतर पाणी कुजते. झिनियाचा दांडा खालून धरून हलवा. ताठ राहिला तर फूल तयार, मान डोलली तर अजून दोन दिवस थांबा. ग्लॅडिओलसची खालची एक-दोन फुले रंग दाखवू लागली की दांडा कापायचा, बाकीच्या कळ्या पाण्यात उमलतात. आणि तो हिरवा फोम नकोच. ते प्लॅस्टिक आहे. मातीत कुजत नाही, त्याचा फक्त भुगा होतो. पितळी कळशीच्या तोंडात कोंबड्यांच्या जाळीचा गोळा बसवला, की फुले हवी तशी उभी राहतात.

वर्षाचे बावन्न रविवार कसे भागवायचे? इथे बेळगावात हवा आपल्या बाजूने आहे. पावसाळ्यात डेलिया आणि तेरडा. 8 सप्टेंबरला मरियामातेचा जन्मोत्सव येतो तेव्हा तेरडा भरात असतो. शेवंतीची रोपे जून-जुलैत लावली तर 2 नोव्हेंबरला कबरींवर ठेवायला पहिली फुले मिळू लागतात आणि नाताळपर्यंत पुरतात. ग्लॅडिओलसचे कंद सप्टेंबरअखेर लावले तर नाताळच्या आसपास दांडे येतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टर 46 दिवसांवर असतो आणि झिनियाला बी ते फूल साधारण 60 दिवस लागतात. म्हणून त्या बुधवारच्या दोन आठवडे आधी बी पेरावे. एका घराने सगळे पिकवायचे नाही. दहा घरांनी एकेक वाफा धरला तरी पुरते.

‘चार इकडची, चार तिकडची फुले शोभतील का?’ असेही विचारले जाते. रोमन मिस्साग्रंथाच्या सामान्य सूचना (क्रमांक 305) सांगतात, की सजावटीत संयम हवा आणि फुले वेदीवर न ठेवता तिच्याभोवती ठेवावीत. म्हणजे डोंगर रचण्याची अपेक्षा कोणाचीच नाही. आणि हे बोलणे फूलशेती करणाऱ्यांविरुद्ध नाही. कमी पडले तर जवळच्या शेतकऱ्याचा झेंडू, निशिगंध जरूर घ्यावा.

आता सर्वांत अवघड गोष्ट. प्रायश्चित्तकाळात वेदीभोवती फुले ठेवायची नसतात, अपवाद चौथ्या रविवारचा आणि काही सोहळ्यांचा. पण आपल्याकडे नेमके तेव्हाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, अंगण सर्वांत भरलेले असते. विकत आणणाऱ्याला हा उपवास कळतच नाही, त्याने फक्त खरेदी थांबवलेली असते. ज्याच्या दारात अ‍ॅस्टर फुलून उभा आहे आणि वेदी रिकामी आहे, त्याला तो कळतो. मग ती फुले कुठे न्यायची? हॉस्पिटलमधल्या खाटेजवळ, अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याकडे, ज्या कबरीवर कोणीच येत नाही तिथे. उरलेली झाडावरच सुकू द्या, त्यांचे बी पुढच्या वर्षी लागेल. वेदीपासून राखून ठेवलेले फूल अशा रीतीने गरजवंतापर्यंत पोचले, तर प्रायश्चित्तकाळ पाळल्यासारखे होईल.

पुनरुत्थानाच्या पहाटे मग्दालिया मरियेला प्रभू माळीच वाटला. तो गैरसमज मला नेहमी गोड वाटतो, कारण ती बागेतच उभी होती. आपल्या बागेतही त्याला जागा असावी. येत्या शनिवारी संध्याकाळपासून सॅक्रिस्टीच्या दाराशी पाण्याची एक बादली ठेवलेली असेल. दोन दांडे असले तरी आणा. ज्यांना येता येत नाही त्यांनी निरोप पाठवा. फुले न्यायला आम्ही घरी येऊ आणि प्रार्थनाही तिथेच करू.