नवी प्रणाली आणि जुना कुलवृत्तांत

एकत्र कुटुंबांत एखादी वस्तु मोडली तर तिच्याविषयीं फारसा वाद होत नाहीं. ती दुरुस्त करावयाची किंवा टाकून द्यावयाची, एवढाच प्रश्न असतो. खरा वाद होतो तो न मोडलेल्या वस्तूविषयीं. जी चांगली चालली आहे आणि तरीही बदला असें बाहेरचा माणूस सांगतो, तिचें काय करावें हा प्रश्न आला कीं घरांत दोन पक्ष पडलेच म्हणून समजावें. आमच्या चौलच्या घरीं २०२५ सालच्या गणपतींत, मुंबईपुण्याची सारी मंडळी जमलेली असतां, असाच वाद झाला. निमित्त होतें माजघरालगतच्या खोलींतील संगणकाचें.

हा संगणक २०१६ सालीं घेतलेला. त्यावर विंडोज दहा ही कार्यप्रणाली. कार्यप्रणाली म्हणजे काय, हें वडील मंडळींना समजावितांना आमचा पुतण्या म्हणाला, "घरांतला कारभारी समजा. पत्रें लिहिणारा, हिशेब करणारा, छायाचित्रें दाखविणारा असे प्रोग्राम निरनिराळे. पण कोणीं कोठें बसावें आणि दाराला कडी केव्हां लावावी, हें पाहणारा कारभारी एकच." उपमा आम्हांला आवडली. हा कारभारी मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २९ जुलै २०१५ रोजीं बाजारांत आणला, आणि १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याची जबाबदारी आपण घेणार नाहीं असें जाहीर केलें. त्या तारखेनंतर यंत्र बंद पडणार नव्हतें. दर महिन्यास फुकट येणाऱ्या सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मात्र बंद व्हावयाच्या होत्या. म्हणजे कडीकोयंडा झिजला तरी तो बदलावयास लोहार येणार नव्हता.

नवा कारभारी, विंडोज अकरा, ५ ऑक्टोबर २०२१ पासूनच तयार आहे. विंडोज दहा असणाऱ्यास तो विनामूल्य मिळतो. परंतु तो घर पाहून येतो. गुप्त किल्ल्या जपून ठेवणारी टीपीएम २.० नांवाची सोय यंत्रांत पाहिजे, निदान ४ जीबी स्मृति व ६४ जीबी सांठवण पाहिजे, आणि प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो सामान्यतः आठव्या किंवा पुढील पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा पाहिजे. आमचा सहाव्या पिढींतला. तेव्हां प्रणाली बदलणें म्हणजे यंत्रच बदलणें, हें उघड झालें.

वडील बंधूंचें, म्हणजे दादांचें मत स्पष्ट होतें. "चालत्या गाड्याला खीळ कां घालावी? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें निम्मी वाडी आडवी केली. नव्या पोफळी अजून धड हातीं आलेल्या नाहींत. आधीं वाडीला पाणी, मग यंत्राला." हें म्हणणें कंजूषपणाचें नव्हतें. जें मोडलेलें नाहीं तें टाकूं नये हा आपल्या घरांचा जुना संस्कार आहे, आणि तो चांगला आहे.

उलट पक्ष घेतला धाकट्या सूनबाईंनीं. त्यांचें माहेर उरणचें, आणि वडील कंटेनर-वाहतुकीच्या धंद्यांतले. त्यांनीं न्हावाशेव्याची हकीकत सांगितली. २७ जून २०१७ रोजीं युक्रेन देशांतून एक घातक प्रोग्राम जगभर पसरला; त्यास पुढें नॉटपेट्या असें नांव पडलें. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचीं यंत्रें त्यानें निकामी केलीं, आणि जवाहरलाल नेहरू बंदरांतील एक टर्मिनल तिच्याच समूहाकडे असल्यामुळें आपल्या किनाऱ्यावरचें काम अडलें. कोणता माल कोणाचा हें यंत्र सांगेना. माणसांनीं हातानें काम चालविलें. सूनबाईंच्या वडिलांचे ट्रक रस्त्यावर उभे राहिले. मर्स्कनें आपलें नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचें सांगितलें. विंडोजमधील ज्या भगदाडाचा या प्रोग्रामनें फायदा घेतला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें त्याच वर्षीं १४ मार्च रोजीं दिलेली होती. "साडेतीन महिने हातांत होते," सूनबाई म्हणाल्या, "आणि आपल्याला तर यापुढें दुरुस्ती मिळणारच नाहीं. त्याच यंत्रावरून दादांचें निवृत्तिवेतन आणि वाडीचा बँकेंतला व्यवहार आम्ही पाहतों."

दादा गप्प बसणारे नव्हेत. त्यांनीं खोदून विचारलें, तेव्हां पुतण्यानें कबूल केलें कीं, हा प्रोग्राम प्रथम आला तो युक्रेनमधील करहिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीबरोबर. आणि एकदां आंत शिरल्यावर तो परवलीचे शब्दही चोरीत असल्यामुळें, दुरुस्ती केलेलीं यंत्रेंदेखील त्याच्या तावडींतून सुटलीं नाहींत. "म्हणजे दुरुस्तीच्या वाटेनेंच चोर आला!" दादा म्हणाले. तें खरेंच होतें. नवें तेवढें निर्भय असें मानणें भोळेपणाचें आहे. मग मर्स्क सांवरली कशी? तिच्या जाळ्यांत कोणाला कोठें प्रवेश आहे याची जी मूळ नोंद, तिच्या जगभरच्या प्रती पुसल्या गेल्या होत्या. आफ्रिकेंतील घाना देशांत तेवढी एक वांचली, कारण नेमकी त्या वेळीं तेथें वीज गेलेली होती. कोंकणांत राहणाऱ्यास वीज जाण्याचें पुण्य इतकें मोठें असेल असें कधीं वाटलें नव्हतें! परंतु त्यांतील बोध विनोदाचा नाहीं. जी प्रत जाळ्याला जोडलेली नसते, तीच संकटांत उपयोगी पडते.

इतका वेळ आत्याबाई वाती वळीत ऐकत होत्या. त्यांचें वय ८४. त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "आणि माझ्या भावाच्या कुलवृत्तांताचें काय रे?"

सारी बैठक स्तब्ध झाली. आमच्या कै. काकांनीं १९९८ ते २००१ या काळांत घराण्याचा कुलवृत्तांत स्वतः संगणकावर टंकित केला. तो छापला गेला नाहीं. एका यंत्रांतून दुसऱ्यांत असा उतरत आला. परंतु त्या काळचीं बहुतेक मराठी अक्षरें हीं खरीं मराठी अक्षरें नव्हतच. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचीं चित्रें बसविलेलीं असत; ती लिपि पुरविणारा प्रोग्राम नसला तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरें उमटतात. आज सर्वत्र चालतें तें युनिकोड. त्यांत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. काकांचा लिपीचा प्रोग्राम फार जुना, एका लहानशा कुलूपवजा डोंगलवर चालणारा. नव्या प्रणालींत तो चालेल याची हमी पुतण्याला देतां येईना. दादांचा पैशाचा प्रश्न आणि सूनबाईंचा चोराचा प्रश्न, दोन्ही या प्रश्नापुढें लहान झाले. पैसे पुन्हां मिळवितां येतात. काकांनीं गांवोगांव फिरून गोळा केलेलीं नांवें पुन्हां कोण सांगणार?

या ठिकाणीं आम्हांला आमच्याच तालुक्यांतील एका उदाहरणाची आठवण झाली. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईस कुलाबा वेधशाळेंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घेतल्या जात. पुढें मुंबईंत घोड्यांच्या ट्रामींच्या जागीं विजेच्या ट्रामी आणण्याचें ठरलें. त्यांच्या विद्युत्प्रवाहानें नाजूक उपकरणें बिघडणार होतीं. म्हणून वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दींत नवी चुंबकीय वेधशाळा अलिबागेस उभारली गेली. परंतु नवी सुरू झाली त्या दिवशीं जुनी बंद केली नाहीं. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळीं नोंदी घेऊन ताडून पाहिल्या, आणि मगच कुलाब्याचें चुंबकीय काम थांबविलें. मुंबईंत विजेची ट्राम धांवली ती १९०७ सालीं. या सावधपणामुळें नोंदींची सांखळी तुटली नाहीं. सप्टेंबर १८५९ मध्यें सूर्यावरील उत्पातामुळें जें प्रचंड चुंबकीय वादळ झालें, त्याची तीव्रता शास्त्रज्ञांनीं २००३ सालीं मोजली ती कुलाब्याच्या जुन्या कागदांवरून. १८५९ चा कागद १४४ वर्षांनीं वाचतां आला, आणि काकांचा १९९८ चा मजकूर पंचवीस वर्षांत अवाच्य होऊं पाहत होता!

आमचा निर्णय या उदाहरणानें झाला. दसऱ्यास, २ ऑक्टोबर २०२५ रोजीं, विंडोज अकरा असलेलें नवें यंत्र घरांत आलें. बँकेचें व निवृत्तिवेतनाचें काम त्याच दिवशीं त्यावर नेलें. जुन्या यंत्राचा इंटरनेटशीं संबंध तोडला आणि तें कुलवृत्तांतासाठीं जागेवरच ठेवलें. सर्व मजकूर जुन्या लिपींत कागदावर छापून घेतला. मग पुतण्यानें तो युनिकोडमध्यें उतरविला, आणि रात्रीं जेवणें झाल्यावर दोन्ही प्रती शेजारीं ठेवून ताडण्याचें काम सुरू झालें.

चुका निघाल्या, त्या दोन जातींच्या. 'दुर्गा' हें नांव 'दुगार्' असें उमटलें होतें. रफार भलत्या जागीं गेला होता. ही चूक कोणाही मुलास दिसते. परंतु एके ठिकाणीं जुन्या छाप्यांतही शाई पुसट होती आणि नव्या प्रतींत शेवटची खूण गळून 'वेण' एवढेंच राहिलें होतें. पुतण्यानें ती जागा 'वेणी' अशी भरली. आत्याबाईंनीं चष्मा काढला. "वेणी नव्हे, वेणू. वेणू माझी आजी. वेणी तिची धाकटी जाऊ, ती बाळंतपणांत गेली." पुतण्यानें तेथल्या तेथें दुरुस्ती केली, पण त्यानंतर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. कुलवृत्तांतांत पुरुषांच्या वाट्यास परिच्छेद येतात; बायकांच्या वाट्यास बहुधा एक नांव येतें, आणि तेंही असें एका खुणेवर अवलंबून असतें. यंत्राची चूक तरुणांस सुधारतां येते. स्मृतीची चूक सुधारणारें माणूस घरांत किती दिवस आहे, याची तारीख कोणतीही कंपनी जाहीर करीत नाहीं.

ज्यांच्या घरीं हाच प्रश्न आहे त्यांना आमचें सांगणें थोडक्यांत असें. आधीं आपलें यंत्र नव्या प्रणालीस पात्र आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें. पात्र असल्यास नव्या खर्चाचें कारण नाहीं. नसल्यास घाईनें कर्ज काढूं नये. घरगुती गिऱ्हाइकांसाठीं कंपनीनें दुरुस्त्यांची वाढीव मुदत जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. ३० डॉलर भरून, किंवा यंत्रांतील सेटिंग्ज कंपनीच्या खात्याशीं जुळवून ठेवल्यास विनामूल्य. जुनें यंत्र टाकवत नसेल तर त्यावर लिनक्सची एखादी मोफत प्रणाली घालावी. आपल्या सी-डॅक संस्थेनें २००७ सालीं काढलेली बॉस ही त्यांपैकींच एक आहे. आमच्या यंत्राचें कुलवृत्तांताचें काम संपलें कीं त्यावर मुलांसाठीं लिनक्स घालण्याचा पुतण्याचा बेत आहे. परंतु कांहींही करण्यापूर्वीं सर्व कागदपत्रांच्या दोन प्रती कराव्या, त्यांतील एक यंत्राला न जोडतां कपाटांत ठेवावी. आणि जुन्या लिपींतलें जें असेल तें कागदावर छापून, घरांतील सर्वांत वडील माणसास वाचून दाखवावें.

आमच्या घरीं दादा आतां नव्या यंत्रावर वाडीचा हिशेब लिहितात. सवय होण्यास त्यांना महिना लागला. जुनें यंत्र अद्याप जागेवर आहे, आणि त्यावरचा कपडा आत्याबाई स्वतः झटकतात. अजून चाळीस पानें ताडावयाचीं राहिलीं आहेत.